घाम गळतो, चरबी नाही

सॉना सूट म्हणजे हवा न खेळणाऱ्या रबरी किंवा प्लास्टिकच्या कापडाचा, सरावाच्या वेळी घालायचा पोशाख. तो घालून घाम गाळला की वजनकाटा लगेच खाली येतो, म्हणून चरबी जळाली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कमी होते ते पाणी. एक लिटर घाम गेला की वजन सुमारे एक किलोने घटते आणि तेवढे पाणी प्यायल्यावर परत येते. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा सुकून वजनात घटतो, तसेच हे. एक किलो चरबी उतरायला मात्र सुमारे ७,७०० किलोकॅलरी खर्ची पडाव्या लागतात.

मुष्टियोद्धेही हा सूट वापरतात, असा आक्षेप येतो. ते खरे आहे. पण त्यांचा हेतू वजनगटात (ठरावीक वजनमर्यादेचा विभाग) बसण्यापुरता असतो आणि तेही धोक्याचेच. घाम सुकताना शरीर थंड होते. सूट ते सुकणेच अडवतो, त्यामुळे निर्जलीकरण (शरीरातील पाणी प्रमाणाबाहेर घटणे) आणि उष्माघात संभवतो. अमेरिकेत १९९७ मध्ये झटपट वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर दगावले. १९९८ मध्ये तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत असे सूट बंद झाले. वजन उतरवायचे असेल, तर मोजका आहार आणि नियमित सराव यांवरच विसंबावे.