गाडीच्या वेळेवर चालणारं विद्यापीठ

विद्यापीठ म्हटलं की डोळ्यांपुढे झाडीतले रस्ते येतात, वसतिगृहं येतात, रात्री उशिरापर्यंत उजेड असलेली अभ्यासिका येते. मुंबई विद्यापीठाच्या बहुतेक मुलांनी हे चित्र पाहिलं असेल तर सिनेमात. त्यांचं विद्यापीठ सुरू होतं ते बदलापूरच्या, नालासोपाऱ्याच्या किंवा पनवेलच्या फलाटावर. सकाळी सातचं लेक्चर गाठायचं तर पाचच्या आत घर सोडावं लागतं. डबा आदल्या रात्रीच भरलेला असतो.

हे असं का, याचं निम्मं उत्तर इतिहासात आहे. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं महाविद्यालयांनी, विद्यापीठानं त्यांना संलग्न करून घ्यायचं, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. मुलांना राहायला जागा देणं हे त्या रचनेत मुळात नव्हतंच. पुढे पदव्युत्तर विभाग आले, सांताक्रूझ पूर्वेला कलिन्याचं विद्यानगरी संकुल उभं राहिलं. पण पदवीचं शिक्षण राहिलं ते महाविद्यालयांतच.

उरलेलं उत्तर शहरात आहे. माणसं सरकली, कॉलेजं जागच्या जागी राहिली. गिरणगावातली कितीतरी कुटुंबं, विशेषतः १९८२ च्या संपानंतर, डोंबिवली, कल्याण, विरारकडे गेली. नावाजलेली जुनी महाविद्यालयं मात्र फोर्ट, चर्चगेट, माटुंगा, विलेपार्ले इथंच. उपनगरांतही कॉलेजं निघाली, चांगली निघाली, पण हवा तो विषय मिळायला अजूनही अनेकांना गाडी पकडावी लागते.

या विद्यार्थ्याचं खरं ओळखपत्र म्हणजे रेल्वेचा पास. कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशनचा फॉर्म घ्यायचा, त्यावर शिक्का मारून घ्यायचा, मग खिडकीवर रांग. महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा पास अर्ध्या दरात मिळतो. हा कागद नसता तर आमच्यासारख्या घरांतली कितीतरी मुलं बारावीपाशीच थांबली असती. माझ्या अब्बांनी प्रवेशाच्या आधी फीपेक्षा पासाचीच चौकशी केली होती! पण हा पास घर ते कॉलेज एवढाच चालतो. वाटेतल्या स्टेशनवर उतरा, हरकत नाही. त्यापलीकडे जायचं तर वेगळं तिकीट. त्यामुळे मैत्रीसुद्धा रुळांच्या आखणीप्रमाणे होते. वर्गात शेजारी बसणारा हार्बरचा असतो, त्याच्याशी ओळख रोजच्या 'काय रे' पुरती. जिवाभावाचे मित्र होतात ते त्याच गाडीच्या, त्याच डब्यातले, मग ते दुसऱ्या कॉलेजचे का असेनात.

आता अभ्यासाचं पाहू. दाराशी निघून दाराशी परत यायला रोज तीन तास धरा, वर्षाचे कॉलेजचे दिवस १८० धरा. ५४० तास झाले. एका विषयाला साठ तास शिकवावं लागतं असं मानलं, तर नऊ विषयांचा वेळ गाडीत गेला. कोणी म्हणेल, गाडीत वाचावं. जरूर वाचावं, बसायला मिळालं तर. ज्याला चढायच्या स्टेशनवर जागा मिळते तो पुस्तक उघडतो, चौथ्या सीटवर टेकलेला जेमतेम कागद धरतो, आणि दाराशी लटकलेल्याचा अभ्यास फक्त तोल सांभाळण्याचा. परीक्षेच्या दिवसांत लेडीज डब्यात मुली एकमेकींना प्रश्न विचारत जातात, शेजारच्या नोकरदार बायका त्यांना सरकून जागा करून देतात. हा एक वर्ग कुठल्याच वेळापत्रकात नाही.

पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम सर्वांना सारखा. पण पावसानं गाडी अडली की शेजारच्या गल्लीतून येणाऱ्याची हजेरी लागते आणि आसनगावच्या मुलाची बुडते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा अनेक मुलांनी रात्र कॉलेजच्या बाकांवर काढली. अडकलेल्यांना घर किती लांब आहे हे त्या रात्री एकदम कळलं असेल.

सर्वांत जास्त किंमत मोजतात त्या मुली. ग्रंथालयात बसायचं, वादविवाद मंडळात बोलायचं, युवा महोत्सवाच्या तालमीला थांबायचं, हे सगळं दुपारनंतरचं. आणि टिटवाळ्याच्या मुलीला घरून बजावलेलं असतं, अंधाराच्या आत ये. तिला आवाज असतो, पाठांतर असतं, तरी भूमिका मिळते ती जवळ राहणारीला. ती लेक्चर ऐकून येते, पदवी घेते. विद्यापीठ मात्र तिच्या हाती अर्धंच लागतं. याला मी निव्वळ अंतराचा दोष म्हणणार नाही. तालीम सकाळी अकराला ठेवता येते. दोन लेक्चरांमधले मोकळे तास एकत्र करता येतात. दूरच्या मुलांसाठी अभ्यासिका सहाला उघडता येते. यातल्या कशालाच नवी इमारत लागत नाही, लागतं ते कोणीतरी ऑफिसात बसून वेळापत्रकाशेजारी रेल्वेचं वेळापत्रक मांडणं.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली आणि लेक्चरं मोबाइलवर आली. प्रवासाचे तास वाचले. पण त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या एका मुलाला मी विचारलं, मित्र किती झाले? म्हणाला, "काका, नंबर साठ आहेत."

गाडीवर कुरघोडी करणारी एक रात्रही या शहरात आहे. 'चतुरंग'ची सवाई एकांकिका स्पर्धा वर्षानुवर्षं प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री होत आली. शेवटची गाडी चुकेल ही धास्तीच नको, कारण कार्यक्रमच पहाटेपर्यंत. डोंबिवलीची, वसईची, पनवेलची मुलं रात्रभर एकत्र बसतात, ओरडून दाद देतात, चहा पितात, भांडतात, आणि उजाडता उजाडता आपापल्या मार्गाच्या पहिल्या गाड्या पकडतात.