आजोबा गुप्त पलटणीत होते म्हणे!

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस आणि कांदाभजी खाणाऱ्या पुणेकरांना तिथली एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, ठाऊक असते. एनडीए यायच्या कितीतरी आधी, दुसऱ्या महायुद्धात, याच परिसरात शत्रूच्या मुलखात चोरून शिरायचं शिक्षण देणारी एक शाळा चालायची, हे मात्र फारसं कुणाच्या कानावर आलेलं नसतं. ‘ईस्टर्न वॉरफेअर स्कूल’ हे तिचं नाव. ती चालवत होती ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ ऊर्फ एसओई ही ब्रिटिशांची गुप्त संघटना. तिच्या भारतातल्या शाखेचा प्रमुख कॉलिन मॅकेंझी हा शिवणाच्या दोऱ्याचा धंदा करणाऱ्या कंपनीतला माणूस, पहिल्या महायुद्धात एक पाय गमावलेला. मार्च 1944 पासून ही शाखा ‘फोर्स 136’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

या शाळेतले विद्यार्थी बहुतेक परदेशी. लिम बो सेंग हा सिंगापूरचा व्यापारी. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडलं तेव्हा तो निसटला, चुंगकिंगला जाऊन चिनी विद्यार्थी गोळा केले आणि त्यांना शिकायला इथे आणलं. मे 1943 मध्ये त्यांच्यातली पहिली तुकडी डच पाणबुडीतून मलायाच्या किनाऱ्यावर उतरली. पाठोपाठ लिम स्वतः गेला, मार्च 1944 मध्ये पकडला गेला आणि 29 जून 1944 रोजी बातू गाजाच्या तुरुंगात मेला. सिंगापुरात आज त्याचं स्मारक आहे. पुण्याजवळच शिकलेला दुसरा एक जण म्हणजे थायलंडचा पुई उंगपाकॉर्न. युद्ध सुरू झालं तेव्हा तो लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकत होता. मार्च 1944 मध्ये पॅराशूटने थायलंडात उतरला आणि गावकऱ्यांच्या हाती सापडला. हाच माणूस पुढे बँक ऑफ थायलंडचा गव्हर्नर झाला, त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या माणसांची नातवंडं आता आजोबांचे कागद शोधतात. सिंगापूर, बँकॉक, व्हँकुव्हर, मँचेस्टर कुठेही बसलेली असोत, शोधता शोधता त्यांना एखाद्या कागदावर ‘पूना’ हा शब्द भेटतो. आणि बहुतेकांनी आधी चुकीच्या जागी शोधलेलं असतं. आजोबा गुप्त कामावर होते, म्हणजे गुप्त खात्याची एक लाल शिक्क्याची फाइल असणार आणि तीत सगळं लिहिलेलं असणार, असा त्यांचा समज. तशी फाइल काही जणांची असते. पण गुप्त संघटना आपल्या माणसांची नोंद ठेवण्यापेक्षा ती पुसण्यात जास्त तरबेज असतात. एसओई 1946 मध्ये गुंडाळली, त्याच सुमाराला लंडनच्या बेकर स्ट्रीटवरच्या कचेरीत आग लागली, आणि त्याआधी नि त्यानंतर ‘नको ते कागद’ काढून टाकायचं काम वर्षानुवर्षं चालू राहिलं. उरलेल्या फायली लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पूर्वेकडच्या कारवायांच्या फायली ‘एचएस 1’ या मालिकेत, माणसांच्या वैयक्तिक फायली ‘एचएस 9’मध्ये. वैयक्तिक फाइल माणसाच्या जन्माला शंभर वर्षं होईपर्यंत बंद राहते. आधी बघायची असेल तर तो गेल्याचा पुरावा द्यावा लागतो.

म्हणून मुरलेले शोधक दारातून न जाता खिडकीतून जातात. गुप्त माणूससुद्धा कुठल्या तरी साध्यासुध्या खात्याच्या पटावर असावाच लागतो, नाहीतर त्याला पगार कोण देणार? पुई आणि त्याचे थाई मित्र ब्रिटिश सैन्यात भरती झाले ते पायोनियर कोअरमध्ये, म्हणजे खड्डे खणणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, संडास धुणाऱ्या पथकात. त्यातल्या एखाद्याचा सेवापट कुणी नुसता चाळला तर वाटेल, बटाट्याच्या शेतावर राबला बिचारा. मग मध्येच एखादी ओळ लागते: ‘स्पेशली एम्प्लॉइड’, म्हणजे विशेष कामावर. काय काम, कुठे, कुणाच्या हाताखाली, काही नाही. त्या ओळीपासून पुढे कागद वर्ष-सहा महिने मुका, आणि मग एकदम रजा नाहीतर इस्पितळ. शोध घेणाऱ्याला त्या मुक्या तारखा वहीत उतरवून घ्याव्या लागतात, कारण पुढचं सगळं त्यांच्याशीच पडताळायचं असतं.

नावाचा घोळ वेगळाच. लिम बो सेंग मोहिमेवर ‘तान चून लिम’ होता, पुई ‘खेम येनयिंग’. मूळ नावाने शोधलं तर मोहिमेच्या फायलीत माणूस नाहीच, आणि टोपणनावाने शोधलं तर सेवापटात नाही. दोन्ही एका कागदावर जिथे येतात तो कागद म्हणजे घबाड.

असा कागद अनेकदा पदकाच्या शिफारशीचा असतो. क्यूच्या ‘डब्ल्यूओ 373’ या मालिकेत सैन्यातल्या शौर्यपदकांच्या शिफारशी आहेत, स्कॅन केलेल्या, घरबसल्या उतरवून घेता येणाऱ्या. एक फॉर्म डोळ्यांसमोर आणा. वरच्या बाजूला ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर यांच्या चौकटी; फोर्स 136च्या माणसाच्या फॉर्मवर त्यांचा उपयोग नसतो, कारण तो त्यांच्यातल्या कशातच बसत नाही. मग हुद्दा आणि नाव. मधल्या मोठ्या चौकटीत टंकलेखित मजकूर: तारीख आणि जागा लिहिलीच पाहिजे अशी छापील सूचना असते, आणि म्हणूनच हा फॉर्म सोन्याच्या मोलाचा. कोणत्या दिवशी उतरला, किती दिवस राहिला, रेडिओ कुणी सांभाळला, सगळं सहा-सात ओळींत. उजवीकडे शिफारस करणाऱ्याची सही, तिच्याखाली वरच्या अधिकाऱ्यांच्या सह्यांची उतरंड. आणि कडेला मागितलेलं पदक. कधी ते शाईने खोडून शेजारी खालचं पदक लिहिलेलं असतं. घरात सांगितलं जायचं की आजोबांना मोठं पदक मिळणार होतं, पण दिलं नाही. कुटुंबाला ती आजोबांची बढाई वाटलेली असते. इथे कुणा ब्रिगेडियरच्या हातची ती खाडाखोड दिसते. सरकारी राजपत्रात मात्र एवढंच छापून यायचं की आग्नेय आशियातल्या ‘विशेष कारवायांमधल्या’ कामगिरीबद्दल सन्मान. राजपत्रातला तो ‘विशेष’ शब्द हीच खूण.

पेटीत सापडलेल्या पदकांवर मात्र फार भरवसा ठेवू नये. ब्रिटिश सैनिकांना वाटलेल्या महायुद्धाच्या बहुतेक मोहीमपदकांवर नाव कोरलेलं नव्हतं. ‘बर्मा स्टार’ एवढंच सांगतो की माणूस त्या आघाडीवर होता. लॉरी चालवणाऱ्याचा आणि पॅराशूटने उतरणाऱ्याचा स्टार एकच.

खडकवासल्याच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. तलावाच्या उत्तर काठावर, आज जिथे एनडीए आहे तिथे, समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य उतरवायचा सराव देणारं संयुक्त प्रशिक्षण केंद्र होतं. ‘एचएमएस अँगोस्टुरा’ हे सरावासाठी उभारलेलं खोटं जहाजही तिथलंच. त्यामुळे सेवापटावर ‘खडकवासला’ दिसलं की आजोबा हेर झाले, असं होत नाही. हजारो साधे सोल्जर तिथे जहाजावरून उतरायला शिकले. या दोन शाळा एकमेकींत मिसळून लिहिलेला मजकूर वाचला की मला तरी राग येतो, कारण पुढचा शोध तिथूनच भरकटतो.

आता आपल्याकडे वळू. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, रायगड या पट्ट्यात ‘आजोबा बर्मात होते’ हे वाक्य ऐकू येणारी घरं खूप. त्याच्या जोडीला हमखास येतं, ‘पॅराशूटवाले होते’ किंवा हल्लीच्या भाषेत ‘कमांडो होते.’ आजोबा थापाडे असतात असं मुळीच नाही. त्यांच्या आयुष्यातली आणि पलटणीच्या आयुष्यातली वर्षं मागेपुढे सरकलेली असतात. मार्च 1944 मध्ये मणिपूरच्या डोंगरातल्या सांगशाक या नागा गावात पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने जपान्यांना काही दिवस अडवून धरलं. कातळात खंदक खणता येईनात, पाणी संपत आलेलं, विमानातून टाकलेली रसद बरीचशी शत्रूकडेच पडायची. 26 मार्चच्या रात्री तिथून निसटायचा हुकूम आला. या ब्रिगेडच्या बरोबर लढली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण. त्यातला जवान ‘पॅराशूटवाल्यांबरोबर होतो’ म्हणाला असेल तर ते शंभर टक्के खरं. पण त्या लढाईत पॅराशूटवालेसुद्धा पायीच लढले होते.

दुसरी गंमत तिसऱ्या पलटणीची. 10 जुलै 1944 रोजी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून धारातीर्थी पडलेले माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे याच पलटणीचे. युद्ध संपल्यावर ही पलटण पॅराशूट पलटण झाली, 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, 1971 च्या डिसेंबरात टांगाईलला उतरली ती हीच, आणि पुढे ती स्पेशल फोर्सेसमध्ये गेली. आता आजोबा 1943 मध्ये तिसऱ्या पलटणीत होते आणि नातू आज इंटरनेटवर त्या पलटणीचं नाव शोधतो. त्याला मरून रंगाची टोपी आणि स्पेशल फोर्सेसचा बलिदान बॅज दिसला तर आजोबांना तो कमांडो म्हणणारच. हे टाळायचं तर माणूस, पलटण आणि तारीख या तिन्ही गोष्टी एका ओळीत बसवून बघायच्या.

पलटणीचं नावही नीट वाचायला हवं. जुन्या कागदावर ‘4/5’ असतं ते तारीख नव्हे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन. घरात ‘काळी पाचवी’ म्हणत असतील तर ती प्रत्यक्षात दुसरी बटालियन, जी जून 1942 मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा कैद झाली. म्हणजे या आजोबांचा शोध युद्धकैद्यांच्या यादीत घ्यायचा, बर्मात नव्हे.

पलटणीची युद्धडायरी मिळते. बर्मा आघाडीच्या डायऱ्या क्यूला ‘डब्ल्यूओ 172’मध्ये, मध्यपूर्वेच्या ‘169’मध्ये, इटलीच्या ‘170’मध्ये. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडेही भारतीय पलटणींचे युद्धकाळातले कागद आहेत. डायरीत तास-मिनिटाने लढाई लिहिलेली असते, पण एक ठेच ठरलेली. गोऱ्या अधिकाऱ्याला ताप आला तरी त्याचं नाव येतं, आणि मराठा जवान मेला तर ‘2 आयओआर किल्ड’, म्हणजे दोन हिंदी शिपाई ठार. आजोबा त्या डायरीत असले तर बहुधा आकड्याच्या रूपात. तरी डायरी वाचायची ती त्यांचा दिवस कसा गेला हे कळावं म्हणून.

नाव सापडतं ते दुसरीकडे. रणांगणावर गेलेल्यांचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत, अनेकदा बापाचं, बायकोचं आणि गावाचं नाव धरून. फक्त रोमन लिपीत जाधवचं काय काय झालं असेल ते सगळं टाकून बघायचं, आणि जिल्हा जुना धरायचा: रायगड नव्हे, कुलाबा. जिवंत परतलेल्यांचं नाव बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसात. तिथे दोन शब्द ऐकायला मिळतील. ‘शीट रोल’ म्हणजे जवानाचा सविस्तर सेवापट: भरतीची तारीख, उंची, अंगावरच्या खुणा, बदल्या, शिक्षा, पदकं. पेन्शन नसलेल्या जवानाचा शीट रोल साधारण पंचवीस वर्षांनी नष्ट करायची पद्धत होती, आणि युद्ध संपल्यावर घरी पाठवलेल्या बहुतेकांना पेन्शन नव्हतीच. उरतो तो ‘लाँग रोल’, म्हणजे मोठ्या रजिस्टरातली त्याच्या नावची एक ओळ. एवढ्याशा ओळीत भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख मिळाली तरी पलटणीची डायरी कुठून कुठपर्यंत वाचायची ते ठरतं.

ती ओळ शोधायला सैन्य क्रमांक लागतो. नुसत्या नावावर ‘शिंदे, सातारा’ असे कितीतरी निघतील. हा क्रमांक लिहिलेलं डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मदत देतं, आणि त्यासाठी आजीने कधी अर्ज केला असेल तर त्यावर क्रमांक, पलटण आणि नोकरीची वर्षं लिहिलेली असतात. आजोबांनी आयुष्यभर तोंड उघडलं नाही तरी आजीला अर्ज भरताना सगळं सांगावं लागलेलं असतं. तो क्रमांक घेऊन बेळगावला पत्र पाठवायचं, सोबत मृत्यूचा दाखला आणि आपलं नातं सिद्ध करणारा कागद जोडायचा.