कुत्र्याच्या अंगणातील कृत्रिम गवत : माल पाठीवरून पारखावा

कृत्रिम गवत हा माळ्याचा माल नसून कापडवाल्याचा आहे, असे म्हटले तर आमच्या व्यापारी बंधूंना नवल वाटेल. पण हकीकत तशीच आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचे गाव आहे. तिथे १८९५ साली कॅथरीन इव्हान्स नावाच्या मुलीने कापडात सुताचे गोंडे टाचून पलंगपोस तयार केला. या हातकामातून पुढे गोंडे टाचणारी यंत्रे निघाली, यंत्रांतून गालिचे निघाले आणि आज त्याच भागात त्याच पद्धतीने प्लास्टिकचे गवत बनते. १९६४ साली प्रॉव्हिडन्स शहरातील मोझेस ब्राऊन शाळेत मोन्सॅन्टो कंपनीचे असे गवत अंथरले गेले. १९६६ साली ते ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये बसले आणि अॅस्ट्रोटर्फ या नावाने प्रसिद्ध झाले.

तेव्हा हा माल खेळाच्या मैदानाचा होता. आता अॅरिझोना, नेवाडा, कॅलिफोर्निया या पाण्याची ओढ असलेल्या राज्यांत तो घरामागच्या अंगणात, खास कुत्र्यांसाठी बसवतात. कुत्रा खरी हिरवळ उकरतो, त्याच्या लघवीतील नत्राने गवत जळून चट्टे पडतात, आणि हिरवळ जगवायला पाणी फार लागते. नेवाडाने तर २०२१ साली कायदा करून रस्त्याकडेच्या व कचेऱ्यांपुढील निव्वळ शोभेच्या हिरवळीला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचे पाणी देण्यास मनाई केली. घरांची अंगणे त्यातून वगळली आहेत.

एका अंगणाला हजारो डॉलर लागतात. काम कच्चे झाले तर पहिल्याच उन्हाळ्यात अंगणाला मुतारीचा वास सुटतो आणि कुत्र्याचे पंजे भाजतात. म्हणून हा माल कसा पारखावा आणि कसा बसवावा, ते क्रमाने सांगतो.

तार

पूर्वीचे गवत नायलॉनचे असे. नायलॉन मजबूत खरे, पण ते शंभराला सुमारे चार भाग ओल धरते. पॉलिएथिलीन जवळपास काहीच ओल धरत नाही. म्हणून कुत्र्यांसाठी पाते पॉलिएथिलीनचे घ्यावे. लव एक ते दीड इंच पुरे. लांब लव दिसायला भारी, पण ती लवकर झोपते आणि तिच्यात घाण अडकते.

पाठ

गिऱ्हाईक हात फिरवून लव पाहते. आम्ही म्हणतो, आधी रोल उलटा करा. गोंडे ज्या पॉलिप्रॉपिलीनच्या विणीत टाचलेले असतात, तिच्यावर गोंडे धरून ठेवण्यासाठी लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा लेप देतात. लेप सलग असेल तर पाणी खाली जायला फक्त दूर दूर पाडलेली भोके राहतात आणि दोन भोकांच्या मधली लघवी तिथेच मुरते. सर्व अंगातून पाणी सोडणारी पाठ महाग पडते, पण कुत्र्यांसाठी तीच घ्यावी. नमुन्याचा तुकडा जाळीवर ठेवून लोटाभर पाणी ओतले की फरक लगेच कळतो.

जमीन

जुनी हिरवळ व माती तीन-चार इंच काढून तिथे खडी आणि बारीक कच टाकावी, यंत्राने ठोकून घट्ट करावी आणि घराकडून बाहेर शंभर फुटांना एक ते दोन फूट ढाळ द्यावा. तण रोखणारे कापड खडीच्या खाली घालावे. वर घातले तर तेच लघवी धरून ठेवते.

जोड

मखमलीसारखी याचीही लव एका दिशेला असते. सर्व पट्टे एकाच दिशेने न अंथरले तर प्रत्येक पट्टा वेगळ्या रंगाचा दिसतो. काठ कापून, दोन पट्टे भिडवून खालून पट्टी व गोंद लावावा. कडा जवळजवळ खिळे मारून पक्क्या कराव्यात; कुत्रा उकरायला सुरुवात करतो ती सुट्या कडेपासूनच.

भरण

पाती उभी राहावीत म्हणून त्यांच्यात वाळूसारखा बारीक खडा भरतात. जुन्या टायरचा चुरा कुत्र्यांच्या अंगणात नको. तो तापतो, वास धरतो आणि पोटात जातो. लघवीतील युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, आणि तोच नाकाला झोंबतो. झिओलाइट खनिज हा अमोनिया धरून ठेवते. पुणे-नाशिक भागातील काळ्या दगडात सापडणारे झिओलाइटचे स्फटिक जगभर प्रसिद्ध आहेत. भरणीत वापरतात ते क्लिनोप्टिलोलाइट त्याच घराण्यातले. मात्र झिओलाइटही कधीतरी भरून जाते. नियमित धुणे आणि अधूनमधून एन्झाइमचे द्रावण शिंपडणे चुकत नाही.

ऊन

खरे गवत पाण्याची वाफ सोडून थंड राहते, प्लास्टिकला ती सोय नाही. युटा राज्यातील ब्रिगम यंग विद्यापीठाच्या मैदानावर २००२ साली मोजणी झाली. हवेचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस असताना गवताचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेला होता. पाणी मारल्यावर ७९ अंशांचा पृष्ठभाग २९ वर आला, पण पाच मिनिटांत पुन्हा ४९ वर चढला. म्हणजे पाण्याचा फवारा हा इलाज नव्हे. सावली हवीच, आणि दुपारी कुत्रा घरात हवा.

आणखी एक खबरदारी. २००८ साली न्यू जर्सीत नायलॉनच्या काही मैदानांच्या रंगात शिसे आढळले होते. पुढे प्लास्टिकचे कण आणि पीएफएएस रसायने यांबद्दलही शंका निघाल्या. २०२३ साली कॅलिफोर्नियाने आपल्या शहरांना असे गवत बंद करण्याची मुभा दिली. म्हणून मालासोबत तपासणीचा दाखला मागून घ्यावा.

आपल्याकडेही मुंबई-पुण्यात पडदे व गालिचे विकणाऱ्या दुकानांत हे गवत मिळते आणि बहुधा सिमेंटच्या गच्चीवर अंथरले जाते. तिथे पाणी मुरायला खडी नसते. खाली उंचवट्यांची जाळी आणि मोरीकडे ढाळ नसेल तर पावसाळ्यात निभावेल, पण दिवाळीनंतर वास सुटेल. कुत्रा पाळणाऱ्या गिऱ्हाइकाला माल देताना हे आधी सांगावे. त्यात एखादा सौदा हातचा जाईल, पण उन्हाळ्यात तेच गिऱ्हाईक तक्रार घेऊन दुकानात उभे राहणार नाही.