क्षिप्राकाठी चालणारे आणि सायकलवाले

आमच्या उज्जैनला २०२८च्या सिंहस्थासाठी क्षिप्रेकाठी सुमारे २९ किलोमीटरचे नवे घाट बांधले जात आहेत. मी रोज रामघाटापर्यंत चालते आणि बाजाराला सायकलने जाते, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलते: काठावर दोघांना वेगळ्या वाटा हव्यात.

कारण वेगाचे आहे. चालणारा ताशी चार-पाच किलोमीटर जातो, सायकलवाला सहज पंधरा. म्हणजे सेकंदाला चार मीटर. त्यात घाटावरचा माणूस सरळ चालतच नाही. कळस दिसला की हात जोडून थांबतो, मूल पाण्याकडे धावते, आजी ओल्या पायांनी पायरी शोधतात. घंटी वाजवून भागत नाही.

नुसता रंगाचा पट्टाही पुरत नाही. चार दिवसांत तिथे फुलवाले बसतात. नदीकडे चालण्याची वाट, रस्त्याकडे सायकलची, मध्ये झाडांची पट्टी आणि दोन्हींच्या उंचीत थोडा फरक हवा. पदपथ किमान १.८ मीटर मोकळा असावा, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मार्गदर्शन आहे. आमच्या गर्दीला तो दुप्पट रुंद हवा. शहरातून घाटावर येणारे सायकलवाट ओलांडणारच, म्हणून तिथे उंच, खडबडीत पट्टे टाकावेत म्हणजे सायकली मंदावतील.

पर्वस्नानाच्या दिवशी मात्र सायकली बंद ठेवून तीच वाट रुग्णवाहिकेसाठी मोकळी ठेवावी. घाट बांधून झाल्यावर फोडाफोड करण्यापेक्षा हे आत्ताच नकाशात आणा.