वॉर्डात पाठवण्याआधी

२००८ साली फार्मसीच्या शिक्षणात दोन गोष्टी घडल्या. भारतात फार्मसी कौन्सिलने सहा वर्षांच्या फार्म.डी. अभ्यासक्रमाचे नियम आणले. अमेरिकेत फार्मसी बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘पीसीओए’ ही परीक्षा सुरू केली. दोहोंचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण आज मागे पाहताना त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात, कारण एका ठिकाणी जो प्रश्न जोमाने विचारला गेला, तो दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ विचारलाच गेला नाही. हा विद्यार्थी रुग्णाजवळ जायला तयार आहे का, हे आधी कसे ओळखायचे?

अमेरिकेत शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला रुग्णालये, दवाखाने आणि औषध दुकानांत मिळून किमान १,४४० तास प्रत्यक्ष काम करावे लागते. त्यात एखादा अडखळला तर त्याचे वर्ष जाऊ शकते आणि रुग्णालाही धोका पोचू शकतो. म्हणून २०१६ पासून लागू झालेल्या मानकांनी महाविद्यालयांना बजावले की, विद्यार्थ्याची तयारी आधी तपासा. तेव्हा वर्गातले शिक्षण संपत आले की पीसीओए देणेही बंधनकारक झाले. तिच्यात २२५ बहुपर्यायी प्रश्न असत, मूलभूत विज्ञानापासून क्लिनिकल विषयांपर्यंत.

त्यानंतर कित्येक महाविद्यालयांनी या गुणांवरून भाकीत करून पाहिले. वर्गातले गुण आणि परवान्याची परीक्षा यांच्याशी पीसीओएचे गुण बऱ्यापैकी जुळले. वॉर्डातल्या कामगिरीशी मात्र नाते सैल निघाले. याचे एक कारण साधे आहे. प्रिसेप्टर, म्हणजे प्रत्यक्ष कामावर देखरेख करणारे मार्गदर्शक, बहुतेक सगळ्यांनाच चांगली श्रेणी देतात. जिथे सगळेच वरच्या पायरीवर उभे, तिथे वेगळा कोण, हे कुठली परीक्षा सांगणार?

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. रक्त पातळ करणारे वॉर्फरिन चालू असलेल्या रुग्णाला मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक दिले तर रक्त गरजेपेक्षा पातळ होते, ते मोजणारा आयएनआर वाढतो, रक्तस्रावाची भीती असते. पेपरात हा प्रश्न आला तर अभ्यासू विद्यार्थी अचूक पर्याय निवडतो, कारण दोन्ही नावे एकाच ओळीत समोर असतात. वॉर्डात तसे नसते. वॉर्फरिन जुन्या डिस्चार्ज कार्डावर असते, मेट्रोनिडॅझोल काल रात्री सुरू झालेले, आयएनआरचा रिपोर्ट यायचा बाकी. आधी ते विद्यार्थ्याच्या नजरेला पडायला हवे. मग राउंडच्या घाईत रेसिडेंट डॉक्टरला थांबवून ते नीट सांगायला हवे, आणि ‘मग काय करू?’ असे त्याने विचारले तर उत्तरही हवे. हे धैर्य आणि ही नजर बहुपर्यायी पेपरात उतरत नाही.

वैद्यकीय शिक्षणाला हे आधीच उमगले होते. रोनाल्ड हार्डेन यांनी डंडी येथे १९७५ साली मांडलेल्या ‘ऑस्की’त विद्यार्थी एका स्टेशनवरून दुसऱ्यावर जातो आणि परीक्षकासमोर काम करून दाखवतो. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये माहीत असणे, कसे करायचे ते कळणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष करणे अशा चार पायऱ्या सांगितल्या. फार्मसीवाले अंदाज पहिल्या दोन पायऱ्यांवरून बांधत होते आणि कामगिरी चौथीवर मोजत होते. तरीही ती धडपड वाया गेली असे मी म्हणणार नाही. निदान फार मागे पडलेला विद्यार्थी वेळेत दिसावा, यासाठी गुणांचा उपयोग होऊ शकतो.

आपल्याकडे फार्म.डी.च्या नियमांत दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी किमान पन्नास-पन्नास तासांचे हॉस्पिटल पोस्टिंग आहे. पाचव्या वर्षी रोज सकाळी वॉर्ड राउंड आणि सहाव्या वर्षी इंटर्नशिप, त्यातले सहा महिने जनरल मेडिसिनमध्ये. आखणी चांगली आहे. पण इंटर्नशिपच्या दारात विद्यार्थी उभा राहतो तो विषय पास झाले म्हणून. २०२२ मध्ये डी.फार्म. या पदविकेसाठी एक्झिट परीक्षेचे नियम आले, तेही बहुपर्यायी प्रश्नांचे. म्हणजे अमेरिकेला जिथे ठेच लागली, तिथूनच आपण निघालो आहोत.

फार्म.डी.च्या चौथ्या वर्षाच्या अखेरीस ऑस्कीसारखी चार-पाच स्टेशने लावायला फार खर्च येत नाही. एक केसशीट, औषधांची एक यादी, रुग्णाची भूमिका करणारा एखादा सीनियर विद्यार्थी आणि समोर बसून पाहणारा शिक्षक एवढे पुरते. जो अडखळेल त्याच्या हाती पाचव्या वर्षाच्या सगळ्या सकाळी उरलेल्या असतात. कुठे कमी पडतोय, हे त्याला तेव्हाच सांगितले पाहिजे.