गाडीला पोचा पडला, आता पत्रा ठोकून घ्यायचा की पार्टच बदलायचा?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी बाईकचं हँडल लागतं, सिग्नलला रिक्षा घासून जाते, नाहीतर कोकणात झाडाखाली लावलेल्या गाडीवर नारळ पडतो. कारण काहीही असो, पोचा पडला की पुढचं ठरलेलं असतं. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, "सर, दरवाजाच बदलावा लागेल, इन्शुरन्समध्ये होऊन जाईल." नाक्यावरचा डेंटर म्हणतो, "साहेब, कशाला बदलताय? संध्याकाळपर्यंत काढून देतो."

दोघंही खोटं बोलत असतील असं नाही. पण एकाचा फायदा पार्ट विकण्यात आहे आणि दुसऱ्याचा पत्रा ठोकण्यात. मग गाडीमालकानं ठरवायचं कसं? त्यासाठी या काही गोष्टी माहीत हव्यात.

पोचा किती मोठा, यापेक्षा तो कसा आहे ते बघा

गाडीचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. त्यावर गोल, उथळ पोचा पडला तर पत्रा फक्त आत दबलेला असतो, फारसा ताणलेला नसतो. असा पोचा ताटाएवढा दिसला तरी बऱ्याचदा सहज निघतो.

याउलट वीतभर लांबीची पण धारदार घडी पडली असेल, तर काम अवघड होतं. तार एकाच जागी वाकवली की ती तिथे कडक होते, तसंच पत्र्याचं होतं. घडीच्या जागी तो ताणला जातो आणि कडकही होतो. ताणलेला पत्रा मूळ जागेत मावत नाही, म्हणून ठोकून सरळ केला तरी फुगवटा राहतो. घडी दरवाजाच्या कडेला किंवा पत्र्यावरच्या उभार रेषेवर असेल तर ती रेष पुन्हा तशीच काढायला चांगलाच कसबी कारागीर लागतो.

रंग तडकला नसेल तर आधी पेंटलेस डेंट रिपेअरची, म्हणजे 'पीडीआर'ची चौकशी करा. यात कारागीर पत्र्याच्या मागून सळ्यांनी हळूहळू दाब देतो किंवा बाहेरून गोंदाचे टॅब लावून पोचा ओढतो. पुट्टी नाही, पेंटिंग नाही. कंपनीचा मूळ रंग तसाच राहतो, आणि गाडी विकताना या मूळ रंगालाच भाव असतो.

रीलमध्ये दिसतो तो गरम पाण्याचा प्रयोग प्लास्टिकच्या बंपरवर कधी कधी चालतो. तेही तो नुसता दबला असेल आणि रंग शाबूत असेल तरच. पत्र्यावर त्याच्या भरवशावर राहू नका.

पार्ट बोल्टवर आहे की वेल्डिंगवर?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, पण सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

बोनेट, पुढचे फेंडर, चारही दरवाजे, डिक्कीचं झाकण आणि बंपर हे पार्ट बहुतेक गाड्यांत बोल्टवर, बिजागरीवर किंवा क्लिपांवर बसवलेले असतात. ते काढून नवे लावले तरी गाडीचा सांगाडा कापावा लागत नाही. त्यामुळे नुकसान जास्त असेल तर हे बदलायला हरकत नाही.

मागच्या चाकावरचा क्वार्टर पॅनल, टप, पिलर आणि दरवाजाखालची पट्टी मात्र गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेली असते. ते बदलायचं म्हणजे पत्रा कापायचा आणि पुन्हा वेल्डिंग करायचं. कारखान्यात गाडीची अख्खी बॉडी गंजरोधक रसायनात बुडवून काढलेली असते. वेल्डिंगच्या जागी ते संरक्षण जळून जातं. नंतर प्रायमर आणि सीलंट नीट लावलं नाही तर आतून गंज धरतो, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत, पावसात तो लवकर पसरतो. म्हणून वेल्डिंगवाल्या पार्टला पोचा असेल तर शक्य तितकं दुरुस्तच करून घ्यावं.

पुट्टी वाईट नसते, जाड पुट्टी वाईट असते

पत्रा ठोकून जवळपास सरळ केला की राहिलेला खडबडीतपणा घालवायला पातळ पुट्टी लावतात. कारागीर तिला लांबी भरणं म्हणतात. ती पद्धत योग्यच आहे. गडबड होते ती पोचा तसाच ठेवून वरून खड्डा भरल्यावर. पत्रा उन्हात तापून फुगतो, थंडीत आकसतो, दरवाजा आपटला की थरथरतो. जाड पुट्टीला हे सोसत नाही. काही काळानं तिला तडे जातात, पाणी शिरतं आणि रंगाला फोड येतात.

म्हणून डेंटरला आधीच सांगा, "पुट्टी भरण्याआधी गाडी दाखवायची." पत्र्यावरून हात फिरवा, फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर पातळ कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक फिरवून बघा. आजूबाजूला चिकटतं आणि एकाच जागी सुटतं, तर तिथे खाली जाड पुट्टी आहे. मात्र ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिकच्या पार्टवर चुंबक मुळातच चिकटत नाही, हे लक्षात ठेवा.

'इन्शुरन्समध्ये होऊन जाईल' याचा हिशोब

समजा, गाडी 6 वर्षांची आहे आणि इंजिन 1500 सीसीच्या आतलं आहे. नवा दरवाजा 12,000, पेंटिंग 6,000 आणि मजुरी 2,000, असं एकूण बिल 20,000 रुपये झालं. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत 5 ते 10 वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर 40 टक्के घसारा कापतात, म्हणजे 4,800 रुपये. पेंटिंगच्या एकत्रित बिलातला 25 टक्के भाग मटेरियलचा धरून त्यावर 50 टक्के घसारा, म्हणजे 750 रुपये. वर सक्तीचं डिडक्टिबल 1,000 रुपये. एकूण 6,550 रुपये खिशातूनच जातात आणि कंपनी 13,450 रुपये देते.

खरा फटका पुढे बसतो. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. तो 50 टक्के असेल तर पुन्हा तिथे पोचायला 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या चढाव्या लागतात. बोनसआधीचा ओन डॅमेज प्रीमियम 8,000 रुपये आहे आणि तो तेवढाच राहिला असं धरलं, तर या पाच वर्षांत मिळून 10,000 रुपये जास्त भरावे लागतात. म्हणजे क्लेम घेऊनही दरवाजा पडला 16,550 रुपयांना! तोच दरवाजा डेंटिंग-पेंटिंग करून 8,000 रुपयांत होत असेल, तर 'फुकट' वाटणारा क्लेम दुपटीनं महाग झाला.

झिरो डेप पॉलिसी असेल तर घसारा कापला जात नाही, पण बोनस तरीही जातो. त्यासाठी 'एनसीबी प्रोटेक्शन' वेगळं घेतलेलं असावं लागतं. शिवाय पार्ट बदलायचा की दुरुस्त करायचा, हे क्लेममध्ये सर्व्हेअरच्या मंजुरीवर ठरतं. त्यामुळे त्यानं पाहण्याआधी गाडी खोलू देऊ नका.

कधी मात्र बदलायचंच?

पत्रा फाटला असेल, गंजून आरपार गेला असेल किंवा एकाच पार्टवर दोन-तीन खोल घड्या असतील, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. दरवाजाच्या आत आडवी पोलादी पट्टी असते, जी बाजूनं धडक बसल्यावर माणसाला वाचवते. ती वाकली असेल तर वरचा पत्रा कितीही छान निघाला तरी दरवाजा बदलावा. बंपर चेचला असेल तर त्यामागचा बीम आणि सेन्सर तपासून घ्या. दरवाजा, फेंडर आणि बोनेट यांच्यातल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या नसतील, तर मार आत सांगाड्यापर्यंत गेल्याची शक्यता असते. तेव्हा रंगाआधी सांगाडा मोजून घ्यावा लागतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून जुना पार्ट घेणार असाल, तर बिल घ्या आणि आतल्या बाजूनं गंज व जुनी पुट्टी तपासा.

थोडक्यात, रंग शाबूत असेल तर पीडीआर, पत्रा वेल्डिंगचा असेल तर शक्यतो दुरुस्ती, आणि बोल्टचा पार्ट असेल तर दोन्हींचं लेखी कोटेशन. दुरुस्तीचा खर्च रंगासकट नव्या पार्टच्या आसपास जात असेल तर नवा घ्या. आणि सुरक्षेचा भाग वाकला असेल, तर तिथे पैसे वाचवू नका.