इंजिन बंद पडते तेव्हा

भिलाईपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. भट्टीतील लोखंडाचा रस थिजण्यापूर्वी रुळांवरून पुढील विभागाकडे न्यावा लागतो आणि ते काम डिझेल इंजिने करतात. जवळच्या शिवनाथ नदीकाठी एखाद्या शेतकऱ्याचा पंप चालविणारे लहान इंजिनही डिझेलचेच असते. दूर गोव्याच्या किनाऱ्यावर शिडाच्या नौकेच्या पोटात बसविलेले इंजिन याच कुळातले होय. तिघांचे आकार निराळे. पण ती अडतात बहुधा एकाच वाटेवर. ती वाट म्हणजे टाकीपासून सिलिंडरपर्यंतचा इंधनाचा मार्ग.

शिडे असताना नौकेला इंजिन कशाला, असे वाचकांस वाटेल. कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. वाटेत ते चार बंदरांत थांबले. अरुंद बंदरात शिरताना वारा हवा तसा मिळेलच असे नसते. तेथे इंजिन लागते. विजेच्या बॅटऱ्या भरण्यासही ते उपयोगी पडते. बंदराच्या तोंडाशी ते बंद पडले, तर नौका खडकाकडे वाहत जाऊ शकते. एकट्या नाविकाला तेथे कारागीर कोठून मिळणार?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. हा फवारा उडविण्यासाठी दोन पंप असतात. पहिला, पुरवठा-पंप, टाकीतून इंधन ओढून गाळणीतून पुढे ढकलतो. अनेक लहान इंजिनांत त्यामध्ये एक लवचीक पडदा व दोन झडपा असतात. दुसरा, दाब-पंप, इंधनाला हवेच्या दाबाच्या शेकडो पट दाब देतो. त्याचा दट्ट्या व नळी यांमधील फट मिलिमीटरच्या काही सहस्रांशांएवढीच असते. म्हणून धुळीचा कण किंवा पाण्याचा थेंब त्याचा वैरी ठरतो.

हवा तर त्याहून फसवी. डिझेल जवळजवळ दाबले जात नाही. हवा मात्र दाबली जाते. नळीत बुडबुडा शिरला की पंपाचे सारे श्रम तो बुडबुडा आवळण्यात खर्ची पडतात आणि फवारा उडतच नाही. पंप निर्दोष असूनही दोषी ठरतो, तो असा.

म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी क्रम ठरवावा. प्रथम शीड उभारावे किंवा नांगर टाकावा. नौका सुरक्षित झाल्यावरच इंजिनाकडे वळावे. टाकीत इंधन आहे ना, तोटी उघडी आहे ना, हे पाहावे. टाकीचे झाकण सैल करताच इंजिन सुधारले, तर हवा आत येण्याचा मार्ग बुजला आहे असे समजावे. नंतर गाळणीच्या पेल्यात पाणी किंवा काळा गाळ साचला आहे का, ते तपासावे. डिझेलखाली साचलेल्या पाण्याच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात व त्यांचा चिकट गाळ होतो. शांत पाण्यात तो तळाशी निजतो. लाटांनी नौका हेलकावली की उठून गाळणी बुजवितो. संकटाच्या वेळीच इंजिन का थांबते, याचे हे एक कारण आहे.

टाकी आणि पुरवठा-पंप यांमधील सांधा सैल असेल, तर तेथून इंधन गळण्याऐवजी हवा आत ओढली जाऊ शकते. त्यामुळे दोष डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी स्वच्छ डिझेलचा डबा पंपाला थेट जोडून पाहावा. इंजिन नीट चालले, तर दोष टाकीकडच्या बाजूस आहे.

हवा काढण्यासाठी गाळणीवरील स्क्रू किंचित सैल करून पुरवठा-पंपाचा हातदांडा हलवावा. बुडबुडे थांबून अखंड धार येताच स्क्रू आवळावा. दांडा ढिला, निर्जीव लागला तर घाबरू नये. पंप चालविणारा उंचवटा त्या क्षणी वर असेल. इंजिन एक फेरा फिरविले की दांड्यात जोर येतो. पडदा फाटल्याची खूण वेगळी आहे: इंजिनातील वंगणाची पातळी वाढते आणि त्याला डिझेलचा वास येतो. तसे असेल तर पडदा व वंगण दोन्ही बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये. फवाऱ्यापुढे बोट कधीही धरू नये. ती धार कातडी भेदून आत जाते. सांडलेले डिझेल कापडाने टिपावे, समुद्रात सोडू नये.

एवढे सर्व करूनही इंजिन चालले नाही, तरच दाब-पंपाकडे संशयाने पाहावे आणि तो जाणकाराच्या हाती द्यावा. दोष कोठे नाही हे एकेक पायरीने ठरवीत गेले की तो कोठे आहे हे आपोआप उरते. ही रीत नौकेवर जितकी उपयोगी, तितकीच भिलाईच्या रुळांवर आणि शिवनाथच्या काठीही.